डेल्फिनाबाईंचा पुरावा

गेल्या महिन्यात आपल्या गटातल्या एका आजींचा निराधार योजनेचा अर्ज भरायला बसले होते. वयाचा पुरावा कुठला लावायचा, म्हणून विचारलं. आजी म्हणाल्या, "धरणाचं काम सुरू झालं तेव्हा मी परकरी पोर होते, लिही." आता अर्जात धरणाला रकाना कुठे असतो? तेव्हा मला अशाच एका बाईंची आठवण झाली. त्यांची गोष्ट आज सांगते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन डिएगो शहर आहे. तो मुलूख कुमियाय नावाच्या आदिवासींचा. हजारो वर्षं ते तिथे राहत आले. उन्हाळ्यात एकीकडे, थंडीत दुसरीकडे, समुद्रापासून डोंगरापर्यंत त्यांचा वावर असे. किनाऱ्यावर मासे आणि शिंपले मिळत, डोंगरात ओकची फळं. ओकचं फळ साधारण सुपारीएवढं, डोक्यावर टोपी असलेलं. बायका ते वाळवून, फोडून कातळातल्या उखळात कुटायच्या. पीठ कडू, म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतून कडूपणा काढायचा, मग दाट शिजवायचं. त्याला म्हणतात शावी. आपल्याकडे कडू कंद चिरून, उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात ना, तशीच ही बायकांची विद्या. कातळातली ती उखळं आजही दिसतात.

१७६९ साली स्पॅनिश लोकांनी तिथे सैनिकी ठाणं आणि ख्रिस्ती मिशन उभं केलं. सैनिक बायकांवर अत्याचार करू लागले. खुद्द मिशनमधल्या लुईस हायमे या पाद्रींनी १७७२ मध्ये तशी तक्रार वरिष्ठांना लिहिली होती. पण जाच थांबला नाही. १७७५ च्या नोव्हेंबरात शेकडो कुमियाय रात्री चालून आले आणि त्यांनी मिशन जाळलं. त्यात हायमेही मारले गेले.

पुढे मेक्सिको आणि अमेरिकेचं युद्ध झालं. १८४८ च्या तहात सरहद्दीची रेघ ओढली गेली, ती नेमकी कुमियायांच्या मुलखातून. माणसं होती तिथेच राहिली, पण मामाचं गाव परदेशात गेलं. १८५२ मध्ये सान्ता इसाबेल इथे अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्यांच्याशी करार केला. पुढाऱ्यांनी विश्वासाने अंगठे उठवावेत तशा खुणा केल्या. वरच्या सभागृहाने तो मंजूरच केला नाही. वर ते कागद १९०५ पर्यंत गुप्त ठेवले. म्हणजे कागद नव्हता असं नाही, कागद सरकारनेच दडवला होता.

अशा काळात, १९०० च्या सुमारास, डेल्फिना क्वेरो जन्मल्या. त्यांच्या घरच्यांना एका जागेवरून उठवलं, ते दुसऱ्या जागी गेले. तिथूनही उठवलं. असं सरकत सरकत ते दक्षिणेला मेक्सिकोच्या बाजूला पोचले. वाटेत सरहद्द लागते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. डेल्फिनाबाईंचं लग्न तिकडेच झालं. नवरा वारला, पदरी मुलं. रानातलं अन्न गोळा करून आणि पडेल ते काम करून त्यांनी ती जगवली. म्हातारपणी जन्मभूमीत परतावंसं वाटलं, तर प्रश्न आला, इथेच जन्मलात याचा पुरावा काय? दाखला कुठून आणणार?

फ्लॉरेन्स शिपेक या अभ्यासक बाईंनी त्यांची हकीकत उतरवून घेतली. रोझाली पिंटो रॉबर्टसन या कुमियाय बाई दुभाषी होत्या. डेल्फिनाबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. पण कुठल्या ओढ्याकाठी कुठलं झाड, कुठलं मूळ कशाला औषध, किनाऱ्यावर काय वेचायचं, कुठल्या जागेला आपल्या भाषेत काय म्हणायचं, हे सगळं त्यांना पाठ होतं. तिथे वाढलेल्या माणसाशिवाय हे कोण सांगू शकणार? १९६७ मध्ये त्या कायद्याने परत आल्या. १९६८ मध्ये त्यांचं आत्मकथन पुस्तकरूपाने छापलं गेलं. १९७२ मध्ये त्यांनी डोळे मिटले, ते आपल्याच मातीत.

कुमियाय आजही आहेत. अमेरिकेत त्यांच्या डझनभर राखीव वस्त्या आहेत आणि मेक्सिकोतही गावं आहेत. तिथल्या सान होजे दे ला सोरा गावच्या बायका लव्हाळ्याच्या वेटोळ्यांनी सुंदर टोपल्या विणतात. समारंभात भोपळ्याच्या खुळखुळ्यांवर रात्ररात्र पक्षीगीतं म्हटली जातात. भाषा बोलणारे मात्र थोडे उरलेत, म्हणून आता ती वर्गात शिकवावी लागते. त्यांचा पवित्र डोंगर कुचामा सरहद्दीवरच आहे. २०२० मध्ये भिंतीसाठी सुरुंग लावायला लागले, तेव्हा पूर्वजांच्या जागा वाचवायला कुमियाय बायका पुढे उभ्या राहिल्या.

आमच्या आजींचा अर्ज शेवटी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून वयाचा दाखला घेऊन भरला. पण त्या दिवशी मी गटाच्या वहीची मागची पानं रिकामी ठेवली. आजी सांगतात ती शिवारांची नावं, रानभाज्या, बुडालेल्या गावच्या वाटा त्यात लिहिते आहे. पाच पानं झालीत. तुमच्या गटातही अशा आजी असतील. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की वही मिटू नका. त्यांना बोलतं करा.