पहिली वेबसाइट सुरू करताय? डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आधी पाहा

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. तिथे ज्यांनी हजारो फॉलोअर्स जमवले होते, त्यांना आपल्याच लोकांपर्यंत पोहोचायचा रस्ता बंद झाला. पुढच्या वर्षी, ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास ठप्प झाले. भारतात तेव्हा रात्र होती, म्हणून इथल्या दुकानदारांचं निभावलं. गूगलने तर आपल्या बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या व्यावसायिकांना फुकट वेबसाइट बनवून दिल्या होत्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद करून टाकल्या. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापला होता, त्यांची कार्डं वाया गेली.

म्हणूनच इन्स्टाग्रामवर धंदा चांगला चालत असला तरी स्वतःची वेबसाइट हवी, असं अनेकांना वाटतं. ते बरोबरच आहे. पण वेबसाइट ‘स्वतःची’ कशामुळे होते, हे मात्र बहुतेकांना पैसे भरल्यावर कळतं.

वेबसाइट म्हणजे नेमकं काय विकत घेतलं जातं?

वेबसाइटमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात. डोमेन म्हणजे पत्ता, डॉट कॉम किंवा डॉट इनने संपणारं नाव. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा, जिथे वेबसाइटच्या फाइल्स ठेवलेल्या असतात. आणि वेबसाइट म्हणजे त्या गाळ्यातलं फर्निचर आणि माल. गाळा बदलता येतो, फर्निचर नव्याने करता येतं. पत्ता मात्र पाकिटांवर, बिलांवर, दुकानाच्या पाटीवर आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलेला असतो.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते वर्षाच्या हिशेबाने, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं. डॉट कॉम नावांची मुख्य नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते, तर डॉट इनची नोंदवही ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. सामान्य माणूस नाव नोंदवतो ते त्यांच्या वतीने काम करणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीकडे. पहिल्या वर्षाची जाहिरात अगदी स्वस्तातली असते, दुसऱ्या वर्षाचा दर वेगळा असतो. नूतनीकरणाचा आकडा आधीच पाहून घेतलेला बरा.

घोळ होतो तो इथे

समजा, साताऱ्यातल्या एका घरगुती मसाल्याच्या व्यवसायाने ओळखीतल्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली. ‘सगळं मी बघतो’ म्हणत त्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं. यात फसवणुकीचा हेतू असेलच असं नाही, बहुतेकदा ती फक्त सोय असते. पण रजिस्ट्रारच्या दृष्टीने डोमेनचा धारक तो मुलगा ठरतो. पैसे मसालेवाल्या काकूंनी दिले, हे त्या नोंदीत कुठेच नसतं. दोन वर्षांनी मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, नंबर बदलला, की डोमेनच्या मुदतीची आठवण करून देणारे ईमेल त्याच्या न उघडलेल्या इनबॉक्समध्ये पडून राहतात.

मुदत संपली म्हणून डॉट कॉम नाव लगेच हातचं जात नाही. आधी नेहमीच्या दरात नूतनीकरणाची सवलत मिळते. ती किती दिवसांची, हे रजिस्ट्रार ठरवतो. त्यानंतरच्या ३० दिवसांत जादा शुल्क भरून नाव सोडवता येतं. पुढे पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतं. जुनी, चालती नावं उचलायला टपलेले लोक असतातच. मग ती नावं मूळ मालकालाच चढ्या भावाने विकली जातात.

डोमेन स्वतःच्या नावावर असूनही एक चूक राहून जाते. रजिस्ट्रारकडे संपर्कासाठी त्याच डोमेनवरचा ईमेल दिलेला असतो. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना नेमक्या हव्या तेव्हा पोहोचत नाहीत. त्यासाठी वेगळा, रोज उघडला जाणारा ईमेल द्यावा. डॉट कॉम नोंदवल्यावर ईमेल पडताळणीची लिंक येते. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही, तर डोमेन थांबवलं जाऊ शकतं.

नाव कसं निवडायचं?

मराठी नावांची खरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची. ‘वहिनी’ व्हीने लिहायचं की डब्ल्यूने? ‘क्ष’ला काय करायचं? नाव फोनवर एकदाच सांगून समोरच्याला बरोबर टाइप करता येतं का, ही साधी चाचणी घ्यावी. शक्य असेल तर दोन्ही स्पेलिंग घेऊन ठेवावीत. २०१४ पासून ‘डॉट भारत’खाली देवनागरीत, मराठीतूनही नाव घेता येतं. पाटीवर ते छान दिसतं, पण इंग्रजी कीबोर्डची सवय असलेल्या गिऱ्हाइकासाठी सोबत रोमन लिपीतलं नावही हवं.

दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाशी मिळतंजुळतं नाव घेणं महागात पडू शकतं. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं, असं स्पष्ट केलं.

बाकीचं काम

डोमेन होस्टिंगला जोडल्यावर वेबसाइट दिसायला काही तास लागतात, कधी दोन दिवसही. तेवढ्यात घाबरून सेटिंग पुन्हा बदलू नये. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र लागतंच. ते नसेल तर गूगल क्रोम २०१८ पासून ‘सुरक्षित नाही’ असा इशारा दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते फुकट देते आणि अनेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवतात. साध्या वेबसाइटसाठी त्याचे कुणी हजारो रुपये सांगत असेल, तर कारण विचारावं.

वेबसाइटवरून थेट विक्री करायची असेल, तर ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम पाहावे लागतात. व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती ग्राहकाला सहज दिसली पाहिजे. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे.

वेबसाइट करून देणाऱ्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः लॉगिन करून धारक म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहावं. होस्टिंगचा आणि वेबसाइटच्या ॲडमिनचा पासवर्ड ताब्यात घेऊन बदलावा, आणि सगळ्या फाइल्सचा एक बॅकअप पेन ड्राइव्हवर मागून घ्यावा.