मान्यतेचा कागद

मुलगी बारावी सायन्स झाली आणि बी. एस्सी. नर्सिंगला जाते म्हणाली, की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो, दुसरा हॉस्टेलचा. मान्यतेचं कुणी विचारत नाही. पाटीवर ‘मान्यताप्राप्त’ लिहिलंय की, झालं! पण मान्यता कुणाची? हा शब्द बायकांच्याच कष्टातून आलाय, म्हणून त्याचा इतिहास आपण जाणून घ्यायला हवा.

शंभर वर्षांमागे नर्सचं काम हलकं समजत. तरी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि पुढं तिथल्या बाया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. लोक नावं ठेवत, त्या शिकत राहिल्या. अडचण दुसरीच होती. सगळीकडे शिकवण सारखी नव्हती, परीक्षाही नव्हती. शिकलेली कोण आणि नुसती हाताखाली राबलेली कोण, हे परगावच्या माणसानं ओळखावं कसं? म्हणून सरकारी नोंदणी आली. मद्रास प्रांतात १९२६ साली, मुंबई प्रांतात १९३५ च्या कायद्यानं. आपलं बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं.

१९४६ साली भोर समितीनं सांगितलं, देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स आहे. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९४७ च्या कायद्यानं भारतीय नर्सिंग परिषद आली, ती देशभर शिक्षणाची पातळी एकसारखी राहावी म्हणून.

मात्र महाविद्यालयाला मान्यता द्यायची कुणी, यावर वाद राहिला. २०१७ साली कर्नाटक उच्च न्यायालयानं तो अधिकार केंद्रीय परिषदेचा नाही, असा निकाल दिला. परराज्यातून इथं शिकायला आलेल्या मुलींच्या आईबापांना घोर लागला, आपल्या गावी ही पदवी चालेल ना? २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला, तो १९४७ च्या कायद्याच्या जागी.

आता आपल्या कामाचं. विद्यापीठाची संलग्नता म्हणजे पदवी मिळण्याची सोय. राज्य नर्सिंग परिषदेची मान्यता म्हणजे पुढं नोंदणी होण्याची सोय. नोंदणी नसेल तर पदवी असूनही नर्स म्हणून काम करता येत नाही. ‘नॅक’ची श्रेणी निराळी. ती संस्थेचा दर्जा सांगते, पण ‘अ’ श्रेणी म्हणजे परिषदेची मान्यता नव्हे. पुष्कळ घरांत गफलत होते ती इथंच.

तेव्हा बायांनो, पैसे भरण्याआधी विचारा: यंदाच्या वर्षाची परवानगी आहे का? किती जागांची? मुलीला पुढं कोल्हापूर-सांगलीकडं किंवा गोव्यात नोकरी करायची असेल, तर तिथली परिषद नोंदणी करून घेईल का? कॉलेजच्या माहितीपुस्तकावर विसंबू नका, परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या यादीत नाव स्वतः शोधा. चार वर्षं मुलीची जाणार आहेत. असं विचारण्यात कसला आलाय भिडस्तपणा?