यादीत बाई कुठाय?



मागं आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग झाला. विषय होता दलित साहित्याचा इतिहास. मी फळ्यावर यादी लिहिली. १९५८, दादरचं पहिलं दलित साहित्य संमेलन. १९६३, बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती'. १९७२, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा'. १९७८, दया पवारांचं 'बलुतं'. खडू खाली ठेवला तर मागून एक पोरगी म्हणाली, "दादा, यात बाई कुठाय?"

मी गप्प. घरी येऊन पुस्तकं पुन्हा काढली. वाचताना जे वाटलं ते सरळ मांडतो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

बागुलांच्या कथेतला माणूस रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवून राहतो, आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. कथेतली भाषणं मला लांबलेली वाटतात. पण भीती शंभर टक्के खरी. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगायला जीभ अडखळलेल्या कुणालाही विचारा.

'गोलपिठा' वाचून मी रात्रभर झोपलो नव्हतो. कामाठीपुरा मराठी कवितेत असा कधी आलाच नव्हता. पण खरं बोलायचं तर त्याच्यामागून आम्ही कित्येकांनी ढसाळांच्या शिव्या तेवढ्या उचलल्या, त्यांची नजर नाही. मीही त्यातलाच. माझी ती वही मी फाडली. बरं झालं.

आता बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं १९८६ साली. म्हणून आपण त्याला यादीत खाली टाकतो. पण बाईंनी ते लिहिलं कधी? फलटणच्या आपल्या दुकानात बसून लिहिलं आणि घरच्यांच्या भीतीनं सुमारे वीस वर्षं लपवून ठेवलं. म्हणजे आपण छापल्याचं साल मोजतो, लपवल्याची वर्षं मोजत नाही. हा कसला इतिहास? त्या पुस्तकात पळून गेलेल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घातल्याचं लिहिलंय. तो खोडा गावच्या पाटलानं घातला नव्हता, आपल्याच घरानं घातला होता. हे पान आपण सभेत वाचून दाखवत नाही. मीही टाळलं होतं.

आणखी मागं जाऊ. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर. बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नाही, हे तिनं तेव्हाच लिहून ठेवलं. आपल्याला कसला धर्मच नाही, हेही तिनंच म्हटलं. 'गोलपिठा'च्या ११७ वर्षं आधी!

म्हणजे यादीची सुरुवातच बाईपासून होते. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. त्यांनी दारोदार जाऊन विचारलं, म्हणून ते नोंदलं गेलं. आपण आपल्या घरात तरी विचारलंय का?

पुढच्या वर्गाला मी फळा पुसला आणि सगळ्यात वर १८५५ लिहिलं. मग खडू त्या पोरीच्या हातात दिला. पुढची यादी ती लिहील.

जय भीम.