नगरच्या निजामशाहीचे बेट आणि लाय पाटलाची रात्र

मुरूडच्या दक्षिणेला, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेला जंजिरा हा मुळात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या निजामशाहीचा पाणकिल्ला. नगर समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्याही अलीकडे. तरीही या राज्याचा जीव कोकणच्या बंदरांत अडकलेला होता. अरबी घोडे, हबशी शिपाई आणि जकातीचा पैसा चौल व दंडाराजपुरीच्या वाटेने वर येई. राज्याचा संस्थापक मलिक अहमद याने नगर शहर वसवण्यापूर्वीच दंडाराजपुरीला वेढा घातला होता. १४८६ मध्ये बिदरला त्याच्या वडिलांचा खून झाला, तेव्हा तो याच मोहिमेत गुंतलेला होता. वेढा उठवून त्याला जुन्नरला परतावे लागले. पुढे १४९० मध्ये बहामनी सत्ता झुगारल्यावर हा किनारा त्याच्या हाती आला.

बेट मात्र कोळ्यांचे होते. चाच्यांपासून बचावासाठी त्यांनी त्यावर लाकडी मेढेकोट उभारला होता आणि त्यांचा प्रमुख राम पाटील निजामशाही ठाणेदाराला जुमानत नव्हता. परंपरा सांगते की पिरमखान नावाचा सरदार व्यापाऱ्याच्या वेषात गलबते घेऊन आला, माल उतरवायच्या निमित्ताने त्याने बेटावर आसरा मागितला आणि कोळ्यांना भरपूर दारू पाजली. रात्री पेटाऱ्यांतून मालाऐवजी हत्यारबंद माणसे बाहेर पडली. पेटाऱ्यांतल्या शिपायांची गोष्ट अनेक देशांत सांगितली जाते, त्यामुळे तिचा तपशील जसाच्या तसा मानण्याचे कारण नाही. मेढेकोट मोठ्या वेढ्याने न पडता थोड्या माणसांच्या दग्याने पडला, एवढा गाभा मात्र पटण्याजोगा आहे.

लाकडाच्या जागी दगडी तट आला तो मुर्तझा निजामशहाच्या काळात, साधारण १५६७ ते १५७१ या वर्षांत. याच सुमारास त्याच्या फौजेने पोर्तुगिजांच्या चौलला वेढा घातला होता आणि १५७१ मध्ये तो निष्फळ ठरून तह करावा लागला. समुद्रावर पोर्तुगिजांशी बरोबरी होत नाही म्हटल्यावर भक्कम बेट हाताशी ठेवणे हाच शहाणपणा होता. जंजिऱ्याचा तट थेट पाण्यातून वर येतो. पायथ्याशी फौज उतरवायला पुळण नाही. दरवाजा राजपुरीकडे तोंड करून असला तरी अगदी जवळ गेल्याशिवाय नजरेस पडत नाही. आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि कोकण आदिलशाहीकडे गेले, पण किल्ला सांभाळणारे हबशी सिद्दी जागचे हलले नाहीत.

शिवाजी महाराजांनी या बेटावर वारंवार मोहिमा काढल्या. १६७० मध्ये किल्लेदार फत्तेखान तह करून किल्ला द्यायला तयार झाला होता. सहकारी सिद्दींनी त्यालाच कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. तेव्हापासून जंजिऱ्याच्या पाठीशी सुरतेचे मोगली आरमार उभे राहिले. किल्ल्याचे खरे बळ त्याच्या तोफांपेक्षा या समुद्रावरून येणाऱ्या मदतीत होते. तिला अडवण्यासाठी महाराजांनी जवळच्याच कांसा खडकावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. त्या कामाला रसद पोचवण्यात कुचराई केली म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. राज्याचा धनी एवढा संतापलेला क्वचितच कागदावर दिसतो.

१६७६ मध्ये मोरोपंत पेशवे मोठी फौज घेऊन उतरले. तराफ्यांवर तोफा चढवून किल्ल्यावर मारा सुरू झाला. याच मोहिमेत कोळ्यांचा म्होरक्या लाय पाटील याने एक छोटा हल्ला योजला, असे परंपरा सांगते. अंधारात होड्या तटाला भिडवायच्या, शिड्या लावायच्या आणि मागून मोरोपंतांच्या निवडक माणसांनी वर चढायचे, असा बेत होता. खाडीची ओढ, भरती-ओहोटीची वेळ, वल्ह्यांचा आवाज आणि तटावरचे पहारे हे सारे सांभाळून होडीत शिडी उभी करायची म्हणजे आयुष्य समुद्रावर गेलेल्या माणसाचेच काम. लाय पाटलाने शिड्या लावल्या आणि तो वाट पाहत राहिला. चढणारी माणसे आली नाहीत. फटफटू लागले तसा त्याने शिड्या काढून घेतल्या आणि तो माघारी आला.

महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावरच्या माणसाला पालखी कशाला, म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा त्याच्यासाठी गलबत बांधून त्याचेच नाव ‘पालखी’ ठेवण्यात आले आणि त्याला सरपाटीलकी मिळाली. फसलेल्या हल्ल्याचे असे बक्षीस विरळाच. दोष शिड्या लावणाऱ्याचा नव्हता हे महाराजांनी ओळखले, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. त्यानंतर सिद्दी कासम आरमारासह येऊन पोचला, तराफ्यांवरच्या तोफखान्याला आग लागली आणि वेढा उठला.

संभाजी महाराजांच्या काळात पुन्हा दग्याचा मार्ग अनुसरला गेला. त्यांचा सरदार कोंडाजी फर्जंद फितुरीचे सोंग घेऊन किल्ल्यात शिरला. दारूखाना उडवायचा त्याचा बेत होता. हा बेत फुटला आणि कोंडाजी मारला गेला. १६८२ मध्ये खुद्द संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड-लाकडांचा बांध घालायला घेतला, पण मोगल सरदार हसनअली खान कल्याणच्या बाजूला उतरल्यामुळे काम दादाजी रघुनाथांवर सोपवून त्यांना निघावे लागले. पेशवाईत १७३३ मध्ये बाजीरावांनी सिद्दीविरुद्ध मोहीम काढली. तीत रायगड परत मिळाला, जंजिरा मात्र नाही.

पिरमखानाच्या दग्याआड उभी असलेली अनुकूल परिस्थिती पुढच्या एकाही छोट्या हल्ल्याला लाभली नाही. त्याच्यासमोर लाकडी कोट होता, मदतीला येणारे आरमार नव्हते आणि किनारा त्याच्याच धन्याच्या ताब्यात होता. लाय पाटलाच्या वेळी यांपैकी पहिल्या दोन गोष्टी उलट झाल्या होत्या. नगरचा भुईकोट १६०० मध्ये मोगलांनी घेतला, १६३६ मध्ये निजामशाही संपली, आणि तिने बांधलेल्या बेटावरचे सिद्दींचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.