कर्णसाचा आणि मराठी वर्णांचे श्रवण

श्रवणयंत्राचा इतिहास बहुधा यंत्राचाच लिहिला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभीचे कार्बनचे, पुढे निर्वातनलिकांचे, १९५२ च्या अखेरीपासून ट्रान्झिस्टरचे आणि शेवटी डिजिटल यंत्र, असा तो क्रम होय. यंत्रास कानाशी जोडणारा कर्णसाचा मात्र ह्या इतिहासात उपेक्षित राहिला आहे. ध्वनिविचाराच्या अभ्यासकाने तिकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

आरंभी साचे कठीण रबराचे असत. पुढे दंतवैद्यकातून अॅक्रिलिक आले, त्यानंतर मऊ सिलिकोन. साहित्य बदलले तरी तत्त्व एकच : कानाचा ठसा जितका अचूक, तितकी ध्वनीची गळती कमी. सैल साच्यातून निसटलेला ध्वनी पुन्हा यंत्रात शिरला की शीळ वाजते. ती थांबविण्यासाठी मनुष्य यंत्राचा आवाज उतरवतो. तेव्हा स्वर ऐकू येतात, परंतु क्षीण व्यंजने लोपतात. ‘साल’ आणि ‘शाल’, जगातील तालव्य ‘ज’ आणि जगण्यातील दंततालव्य ‘ज’ हे भेद पुष्कळ अंशी उच्च कंप्रतेवर अवलंबून असल्याने तेच प्रथम पुसट होतात. आवाज ऐकू येतो, शब्द उमगत नाही, ह्या तक्रारीचे एक कारण येथे आहे. १९८० च्या सुमारास प्रचारात आलेली, टोकाशी रुंदावणारी नळी सुमारे ३००० हर्ट्झपुढील ध्वनी अधिक बळाने पोहोचवते, हे ह्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्रात ह्या विद्येचे शिक्षण मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ साली सुरू झाले. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली. दरम्यान, १९८१ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून गरजूंस साहाय्यक साधने मिळू लागली. परंतु यंत्र एकदा देऊन भागते. साचा मात्र वाढत्या मुलाच्या कानाबरोबर वारंवार नवा करावा लागतो. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) हा सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा, राज्यातील सर्वांत विस्तीर्ण जिल्हा. तेथे अकोले वा जामखेडच्या पालकास प्रत्येक ठशासाठी दूर जावे लागत असेल, तर मुलास यंत्र लाभूनही भाषा अपुरीच लाभते.

म्हणून जिल्हावार इतिहास लिहिताना किती यंत्रे वाटली, एवढेच विचारून चालणार नाही. किती साचे वेळेवर बदलले, हाही प्रश्न विचारला पाहिजे.