गाडीचे ॲव्हरेज आणि समुद्रात फेकलेला माल

नवी दुचाकी दारात उभी राहिली की शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ॲव्हरेज किती देते?" फलंदाजाच्या धावांपासून परीक्षेच्या गुणांपर्यंत हा शब्द आपण मराठीच असल्यासारखा वापरतो. मात्र त्याचा जन्म गणिताच्या वर्गात झालेला नाही. तो झाला वादळात सापडलेल्या जहाजावर, आणि त्याचा मूळ अर्थ होता नुकसान.

आजचा थ्रेड या शब्दाच्या पूर्वायुष्याविषयी आहे. सागरी मालवाहतुकीच्या कागदांवर 'जनरल ॲव्हरेज', 'एफओबी', 'टेअर' असे शब्द आजही छापले जातात. ते रुक्ष दिसतात, पण त्यांतील प्रत्येक शब्द म्हणजे एखाद्या जुन्या भांडणाचा निकाल आहे. भांडण एकच : माल समुद्रात गेला, आता पैसे कोणाचे बुडाले?

बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते या शब्दाचे मूळ अरबी 'अवार' हे आहे. अवार म्हणजे मालातील खराबी, दोष. भूमध्य समुद्रावरील व्यापारात अरब आणि इटालियन व्यापारी शेजारी शेजारी वावरत, त्यामुळे हा शब्द इटालियन बंदरांत 'अव्हारिया' झाला, फ्रेंचमध्ये 'अव्हारी' आणि पुढे इंग्रजीत 'ॲव्हरेज'. नुकसान सर्वांनी प्रमाणात वाटून घ्यायचे, या हिशेबामुळे त्याला हळूहळू 'सरासरी' हा अर्थ चिकटला. (आपला 'सरासरी' हा शब्दही बाहेरून आलेला, फारसी 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत.)

आता हिशेब पाहू. समजा, एका जहाजाची किंमत ५० लाख. त्यावर तुमचा ३० लाखांचा माल आहे आणि माझा २० लाखांचा. वादळ उठते, जहाज कलू लागते. कप्तान ठरवतो की भार कमी केल्यावाचून तरणोपाय नाही. हाताशी माझा माल असतो, म्हणून त्यातला निम्मा, म्हणजे १० लाखांचा, समुद्रात फेकला जातो. जहाज वाचते आणि तुमचा मालही वाचतो. एकटा मी बुडतो.

हे न्याय्य आहे का? तुमचा माल वाचला तो माझ्या मालाच्या जिवावर. म्हणून नियम असा की एकूण १ कोटीच्या मत्तेवर १० लाखांचे, म्हणजे दहा टक्के नुकसान सर्वांनी सोसायचे. जहाजमालकाने ५ लाख द्यायचे, तुम्ही ३ लाख, आणि माझ्या वाट्याला येणारे २ लाख मी सोसायचे. मला ८ लाख परत मिळतात. हेच 'जनरल ॲव्हरेज'. त्याचे शब्दशः मराठी 'सर्वसाधारण सरासरी' असे केले तर अर्थाचा मागमूस उरत नाही. 'सामायिक हानी' म्हटले तर निदान काही कळते.

यात एक अट आहे आणि सारे मर्म त्या अटीत आहे. त्याग जाणूनबुजून केलेला असला पाहिजे, आणि तो सर्वांच्या बचावासाठी असला पाहिजे. लाटेचे पाणी तळघरात शिरून माझ्या कापसाच्या गासड्या भिजल्या, तर ते माझे एकट्याचे दुर्दैव. त्याला 'पर्टिक्युलर ॲव्हरेज' म्हणतात आणि त्यासाठी तुमच्यापुढे हात पसरण्याचा मला अधिकार नाही.

हा नियम किती जुना? सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये रोमन कायद्याचा जो महासंग्रह सिद्ध झाला, त्यात या विषयाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचे नाव 'ऱ्होड्सचा कायदा'. ऱ्होड्स हे पूर्व भूमध्य समुद्रातील ग्रीक बेट. म्हणजे रोमन लोक स्वतःच सांगत होते की हा नियम आमचा नव्हे, आमच्याआधीच्या दर्यावर्दी लोकांचा आहे.

याच प्रकरणात पाउलुस या रोमन विधिज्ञाचे विवेचन आले आहे. तो विचारतो, वर्गणी कशाकशावर बसवायची? वजनावर नव्हे, किमतीवर. कपडे आणि बोटातील अंगठीसुद्धा हिशेबात धरायची. मात्र जहाजावरील शिधा धरायचा नाही. प्रवासात अन्न संपलेच, तर ज्याच्यापाशी जे असेल ते त्याने सर्वांसाठी पुढे करायचेच असते. कायद्याच्या पोथीत असे वाक्य भेटले की मी क्षणभर थांबतो.

पण लगेच पुढचा प्रश्न येतो. जहाजावर माणसेही असतात, त्यांचे काय? पाउलुसचे उत्तर : स्वतंत्र माणसाची किंमत करता येत नाही, म्हणून ती हिशेबात येत नाही. आणि गुलाम? ते समुद्रात नाहीसे झाले, तर त्यांचीही भरपाई धरायची नाही, जसे आजारी पडून मेलेल्यांची किंवा स्वतःहून उडी घेतलेल्यांची धरत नाहीत. रोमन कायदा गुलामाला मालमत्ता मानत होता, तरीही या एका हिशेबात त्याने गुलामाला मालाच्या रांगेत बसवले नाही. कारण दयेचे असेल असे मला वाटत नाही, पण रेघ ओढली गेली होती.

सुमारे साडेपंधराशे वर्षांनंतर ती रेघ पुसण्याचा प्रयत्न लंडनच्या न्यायालयात झाला.

लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या मालकीचे 'झाँग' हे जहाज १७८१ मध्ये पश्चिम आफ्रिकेहून जमैकाकडे निघाले. मूळ जहाज डच, त्याचे नाव 'झोर्ग', आणि डच भाषेत झोर्ग म्हणजे काळजी. त्यावर ४४२ गुलाम कोंबलेले होते. दिशा चुकली, जमैका मागे पडले, रोगाने माणसे मरू लागली. गुलामांचा विमा उतरवलेला होता, दर माणशी ३० पौंड. रोगाने मेलेल्यांचे पैसे विमेदार देणार नव्हते. सर्वांच्या बचावासाठी फेकलेल्या 'माला'चे मात्र मागता येणार होते.

२९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत सुमारे १३० जिवंत माणसे समुद्रात लोटण्यात आली. सबब अशी की पिण्याचे पाणी पुरणार नव्हते. जहाज जमैकाला लागले तेव्हा पाणी शिल्लक होते, आणि मधल्या दिवसांत पाऊसही पडून गेला होता.

मालकांनी विम्याची रक्कम मागितली, विमेदारांनी नाकारली, आणि खटला उभा राहिला. ध्यानात घ्या, हा खुनाचा खटला नव्हता. तो विम्याच्या पैशांचा दिवाणी दावा होता. १७८३ च्या मार्चमध्ये ज्यूरीने कौल मालकांच्या बाजूने दिला. मे महिन्यात सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे फेरसुनावणीची मागणी आली, तेव्हा त्यांनी म्हटले की गुलाम फेकणे आणि घोडे फेकणे यांत ज्यूरीला फरक वाटला नव्हता. पावसाचा आणि उरलेल्या पाण्याचा पुरावा पुढे आल्यावर त्यांनी खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. तो पुन्हा चालल्याची नोंद सापडत नाही.

स्वतः गुलामगिरी भोगून मुक्त झालेला ओलाउडा इक्विआनो ही बातमी घेऊन ग्रॅनव्हिल शार्प या कार्यकर्त्याकडे गेला. शार्पने खुनाचा खटला भरावा म्हणून खटपट केली, पण कोणावरही खटला झाला नाही. तरी हे प्रकरण इंग्लंडमधील गुलामगिरीविरोधी चळवळीच्या हाती लागले आणि पुन्हा विस्मृतीत गेले नाही.

म्हणून 'ॲव्हरेज'सारख्या शब्दांना निव्वळ तांत्रिक म्हणून बाजूला सारता येत नाही. वाटणीचा नियम चांगला होता. प्रश्न एवढाच होता की वाटणीच्या यादीत कोणाला वाटेकरी धरायचे आणि कोणाला माल.

थोडे विषयांतर, पण शब्दांची गंमत सोडवत नाही. कंटेनरच्या दारावर 'टेअर' असे लिहून पुढे एक आकडा असतो, ते रिकाम्या पेटीचे वजन, एकूण वजनातून वजा करायचे. हा शब्द अरबी 'तर्‌ह' या मुळातून आला : टाकणे, टाकून दिलेले. सागरी व्यापाराच्या अरबी ग्रंथांत मालाच्या जलत्यागाला हीच संज्ञा आहे. आणि फारसीच्या वाटेने आलेली आपली 'तऱ्हा' याच मुळाची. 'टॅरिफ' आणि आपली 'तारीफ' यांचेही मूळ एकच, अरबीतले 'जाहीर करणे, ओळख करून देणे'.

आपल्या किनाऱ्यावरही समुद्राच्या जोखमीचा हिशेब होताच. पश्चिम भारतातील सराफ 'जोखमी हुंडी' लिहीत. साधी हुंडी मुदत भरली की देय होते, जोखमी हुंडी मात्र माल सुखरूप पोहोचला तरच. जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. हुंडी विकत घेणारा तिच्यासोबत समुद्राची जोखीमही विकत घेई. कर्ज आणि विमा, दोन्ही एकाच कागदावर.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, व्यापार वाढला, आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे असल्याने ॲव्हरेजचा हिशेब जमेना. यॉर्क येथे १८६४ मध्ये आणि अँटवर्प येथे १८७७ मध्ये परिषदा झाल्या, आणि १८९० पासून 'यॉर्क-अँटवर्प नियम' हे नाव रूढ झाले. त्यांची अलीकडची आवृत्ती २०१६ ची आहे.

ॲव्हरेज म्हणजे सर्वांची जोखीम. पण समुद्रावरील माल कोणाचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? वर्गणीचे बिल कोणाच्या नावे फाडायचे? येथे 'एफओबी' येते : फ्री ऑन बोर्ड. माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, पुढे खरेदीदाराची. पण 'चढला' म्हणजे नेमका कधी? जुने उत्तर होते, जहाजाचा कठडा ओलांडला की.

या कठड्याची खरी फजिती एका भारतीय जहाजापाशी झाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. तिचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे, तो याच प्रवासामुळे.

पुढे याच कंपनीच्या 'जलआझाद' या जहाजावर लंडनच्या धक्क्यावरून अग्निशामक गाड्या चढवल्या जात होत्या. पायरीन या कंपनीने त्या भारत सरकारला एफओबी अटीवर विकल्या होत्या. जहाजाच्या डेरिकने एक गाडी उचलली, ती हवेत लोंबकळत होती, आणि कठडा ओलांडण्यापूर्वीच खाली कोसळली.

म्हणजे जोखीम अजून विक्रेत्याची. पण जहाजाशी करार खरेदीदाराने केला होता, विक्रेत्याने नव्हे. दुरुस्तीचा खर्च हजार पौंडांच्या घरात, तर वाहतुकीच्या कराराप्रमाणे जहाजाची जबाबदारी २०० पौंडांवर थांबणारी. विक्रेत्याचे म्हणणे असे की करार माझा नाही, मर्यादाही मला लागू नाही. १९५४ मध्ये न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी निकाल दिला की माल चढवणे ही एक सलग क्रिया आहे, विक्रेताही त्या करारात सामील धरावा लागेल. त्याला २०० पौंडच मिळाले. दोरीवर झोके घेणाऱ्या ओझ्यासोबत जबाबदारीही अदृश्य रेषेच्या अलीकडे-पलीकडे झुलत राहावी, या कल्पनेची डेव्हलिन यांनी निकालपत्रात जी टर उडवली आहे, ती कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही आवडते.

आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने अशा अटींच्या व्याख्या 'इन्कोटर्म्स' या नावाने १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केल्या. त्यातून कठडा वगळायला मात्र २०१० ची आवृत्ती उजाडावी लागली. तोवर डेरिक बंदरांतून जवळजवळ हद्दपार झाली होती. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि कंटेनरचे युग सुरू झाले. आपल्याकडे न्हावा शेवा १९८९ मध्ये सुरू झाले.

पेट्यांनी सोय केली, पण ऱ्होड्सचा हिशेब जिकिरीचा केला. जुन्या गलबतावर दहा-वीस व्यापारी असत. २३ मार्च २०२१ रोजी सुएझ कालव्यात आडवे अडकलेल्या 'एव्हर गिव्हन' या ४०० मीटर लांब जहाजावर सुमारे १८,३०० कंटेनर होते. २९ मार्चला ते सुटले आणि लवकरच जपानी मालकांनी 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केले. येथे काहीच समुद्रात फेकले नव्हते, पण जहाज सोडवण्याचा खर्चही सर्वांच्या बचावासाठीच केलेला. ज्यांचा माल जहाजावर होता, त्यांच्याकडे हमीपत्रे मागण्यात आली. हमी नाही तर माल नाही. कालव्याच्या प्राधिकरणाने प्रथम ९१.६ कोटी डॉलरची मागणी केली, नंतर ती उतरवली, आणि तडजोड झाल्यावर ७ जुलै रोजी जहाज मार्गस्थ झाले.

जहाजावरचे २५ खलाशी सगळे भारतीय होते. त्यांच्यापैकी काहींना मधल्या काळात घरी जाऊ देण्यात आले, बाकीचे कालव्यातल्या ग्रेट बिटर लेकमध्ये नांगरलेल्या जहाजावर तीन महिने थांबले. वर्गणीच्या यादीत जहाज होते, माल होता, नूरभाडेही होते. खलाशी नव्हते, पाउलुसने सांगितले होते त्याप्रमाणे.