कुंडलच्या माळावरील नांगर

बेळगावात सायकलींच्या दुकानापासून उद्योगाचा श्रीगणेशा करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी, औंध संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडलनजीकच्या निवडुंगांनी भरलेल्या माळावर १९१० साली कारखाना मांडला, तेव्हा विलायती नांगरांची बाजारात सद्दी होती, आणि लोखंडी नांगराने जमीन विषारी होते हा समज शेतकऱ्यांच्या मनात इतका रुजलेला होता की, पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यासच सुमारे दोन वर्षे लागली होती. प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करण्यापूर्वी गिऱ्हाइकाचा विश्वास संपादन करावा लागतो, ही त्यांची खरी व्यापारनीती मला वाटते, आणि तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. पहिल्या महायुद्धात विलायती मालाची आवक घटली आणि मागणी वाढली. परंतु लोखंड व कोळसा दुर्मिळ झाल्याने तीही कसोटीच ठरली. पुढे १९२० मध्ये त्या माळावरूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिकही निघू लागले.